फॉर्मवरची सही कोणाची?



बारावीचा निकाल लागला की आमच्या घराची बेल नेहमीपेक्षा जास्त वाजते. आपले कोकण मंडळ २०१२ साली सुरू झाले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे त्यात, आणि तेव्हापासून दरवर्षी बारावीत आपण राज्यात पहिले. २०२५ चा निकाल ९६.७४ टक्के होता. पेपरात फोटो येतात, पेढे वाटून होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजच्या फॉर्मांची धांदल सुरू होते. या परीक्षेला मुलांबरोबर आई-वडीलही बसतात आणि बहुतेकांचा अभ्यास झालेला नसतो.

मी शिक्षिका नाही. सांगलीला बी.कॉम. केले, लग्न होऊन रत्नागिरीला आले आणि चाळीसेक वर्षे रामआळीतल्या आमच्या दुकानाच्या वह्या लिहिल्या. काही वर्षांपूर्वी धाकट्या दिरांच्या मुलाच्या प्रवेशाच्या वेळी घरात कोणालाच काही कळेना, म्हणून माहितीपुस्तिका छापून आणली आणि पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचली. तेवढ्यावर मी ‘जाणकार’ ठरले! आता मे-जूनमध्ये स्वाध्याय संपला की मंदिराच्या पायऱ्यांवरच कोणीतरी हळूच विचारते, "काकी, उद्या येऊ का? लेकीचा फॉर्म भरायचाय."

या म्हणते मी. पण दोन अटी घालते. फॉर्म मुलगी किंवा मुलगा स्वतः भरेल, आपण दोघी शेजारी बसू. आणि त्यात एकही ओळ खोटी असणार नाही. या दोन अटींमुळे काहीजणी माझ्यावर नाराज आहेत. आज त्याबद्दलच लिहिते.

पहिली अट मी माझ्याच चुकीतून शिकले. २००३ साली आमच्या थोरलीने बारावी केली. तेव्हा फॉर्म कागदी असत. तिला गणिताची आवड, पुण्याला जाऊन संख्याशास्त्र शिकायचे होते. तिने मैत्रिणीकडून पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म मागवलाही होता. पण माझ्या डोक्यात एकच विषय होता, खाण्याचा. हॉस्टेलच्या मेसमध्ये बटाटा, कांदा, लसूण सगळे एका कढईत. जेवण रात्री नऊला, मग सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचे काय? मी इथल्या कॉलेजचा कॉमर्सचा फॉर्म आणला, माझ्या वळणदार अक्षरात पूर्ण भरला आणि तिच्यापुढे ठेवून म्हटले, "इथे सही कर." तिने केली. पुण्याचा फॉर्म कपाटाच्या खणात तसाच राहिला.

लेकीचे काही वाईट झाले नाही. शिकली, नोकरीला लागली, संसारात सुखी आहे. पण बऱ्याच वर्षांनी कशावरून तरी विषय निघाला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आई, मी फक्त सही केली होती." भांडली नाही, रडली नाही. ते वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना. त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी तिला फोन करून त्या एका फॉर्मबद्दल वेगळी क्षमा मागितली. ती हसली, "अगं, जाऊ दे ना." पण मला मागायलाच हवी होती.

म्हणून आता सांगते, पसंतीक्रम मुलांना लिहू द्या. आपण समजावून सांगायचे, लिहायचे त्यांनी. बऱ्याच आयांची भीती अशी की वर मोठे कॉलेज लिहिले आणि ते मिळाले नाही, तर खालचेही हातचे जाईल. तसे होत नाही. दुकानातल्या पोऱ्याला आपण आंबे आणायला पाठवतो तेव्हा काय सांगतो? हापूस असला तर हापूस आण, नसला तर पायरी, तोही नसला तर रायवळ. हापूस आधी सांगितला म्हणून पायरी मिळायची थांबते का? कॅपच्या पसंतीक्रमाचेही तसेच आहे. गुणवत्ता यादीप्रमाणे आपली पाळी आली की संगणक वरून खाली बघत येतो आणि जे पहिले उपलब्ध असेल ते देतो. उलट भीतीपोटी रायवळ पहिला लिहिला, तर पोऱ्या तोच घेऊन परत येणार, बाजारात हापूस असला तरी.

आणि आणलेला आंबा परत करता येत नाही हेही लक्षात ठेवा. २०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागे, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळाले तरी तोच नियम. हे नियम वर्षावर्षाला बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाची पुस्तिका वाचायची. शेजारणीच्या मुलाच्या वेळी काय झाले होते त्यावर जायचे नाही. आणि पहिल्या ओळीत काय लिहायचे हे मुलीने ठरवायचे, कारण चार वर्षे वर्गात ती बसणार आहे.

कॉमर्सवाल्या घरांतही एक गैरसमज आहे. बी.कॉम.ला बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो हे खरे, पण बीबीए, बीएमएस, बीसीए या अभ्यासक्रमांना २०२४ पासून राज्याची सीईटी आहे. निकालानंतर जागे झालेल्या दोन मुली मी पाहिल्या आहेत. अकरावीच्या सुट्टीतच हे माहीत करून घ्या. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणीही असते. ती आणि कॉलेजचा फॉर्म वेगवेगळे, हे पुष्कळांना ऐनवेळी कळते.

आणखी एक साधी गोष्ट. सायबर कॅफेत फॉर्म भरायला दिला तर मोबाइल नंबर आणि ईमेल कोणाचा टाकला ते बघा. घाईत कॅफेवाला स्वतःचा टाकतो. मग ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, आणि फेरीच्या शेवटच्या दिवशी त्याचे दुकान बंद. नंबर मुलीचा हवा, पासवर्ड तिच्या वहीत हवा.

आता खाण्याचे. माझी चूक याच काळजीतून झाली, म्हणून यावर बोलायचा मला हक्क आहे असे समजते. ही काळजी खोटी नाही. पण आपल्या आधीच्या लोकांनी तिचे उत्तर कसे शोधले ते पाहा. दक्षिण भारत जैन सभा १८९९ साली स्थापन झाली. कोल्हापूर-सांगलीकडे जैन बोर्डिंगे निघाली, तिकडे मुंबईत श्री महावीर जैन विद्यालयासारखी वसतिगृहे उभी राहिली. त्या लोकांचा आचार आपल्यापेक्षा कडकच होता. तरी त्यांनी मुलांना घरी बसवले नाही, गावोगावच्या मुलांसाठी राहण्याची आणि जेवणाची सोय बांधली. मेसमध्ये आपले चालत नाही म्हणून मुलीचे कॉलेज कापण्याआधी त्या गावात जैन वसतिगृह आहे का, मंदिराजवळ डबा मिळतो का, ओळखीचे घर आहे का, एवढे तरी विचारा. आणि मुलीलाही विचारा. आपल्या कल्पनेपेक्षा मुली आपला नियम नेटाने पाळतात. एखादीने नाही पाळला, तर तो तिच्या मनाचा प्रश्न आहे, कॉलेजचा दोष नाही.

माझ्या माहेराजवळचे कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे जन्मगाव. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले, आणि पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. लोकांच्या मुलांच्या जेवणासाठी! लहानपणापासून हे ऐकत आले, पण थोरलीच्या त्या वाक्यानंतर मला त्याचा अर्थ वेगळा लागला. आईने आपल्याजवळचे द्यायचे असते. मुलांच्या वाटचे ठरवायचे नसते.

आता दुसरी अट, आणि रुसवे-फुगवे होतात ते हिच्यामुळेच.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी या गटांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवे. फार चांगला निर्णय आहे. ज्या बसतात त्यांनी बिनदिक्कत घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

इथे एक खुलासा करते, कारण हा प्रश्न हटकून येतो. २७ जानेवारी २०१४ पासून जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा आहे. पण अल्पसंख्याक म्हणजे आरक्षण नव्हे. त्याचा उपयोग जैन अल्पसंख्याक म्हणून मान्यता असलेल्या कॉलेजांतल्या राखीव जागांसाठी आणि काही शिष्यवृत्त्यांसाठी होतो. ज्यांची मातृभाषा गुजराती आहे त्यांना गुजराती भाषिक अल्पसंख्याक कॉलेजांचाही विचार करता येतो. मात्र शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘जैन’ असा उल्लेख आहे ना, हे आजच कपाट उघडून बघा. आणि फॉर्ममध्ये तो रकाना भरायचा राहिला, तर नंतर हळहळून उपयोग नाही.

तर गेल्या मोसमात एक ओळखीची बाई लेकीला घेऊन आली. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते. घरचा धंदा, उत्पन्न आठ लाखांच्या बरेच वर. मुलगी हुशार, गुण चांगले. आई म्हणाली, "काकी, उत्पन्नाच्या दाखल्याचं झालंय. एकजण साडेसात लाखांचा करून देतो म्हणालाय. तुम्ही फक्त ईडब्ल्यूएसचा रकाना भरून घ्या."

मी म्हटले, "अगं, पण तुमचं उत्पन्न एवढं नाही."

"सगळेच करतात हो काकी. टॅक्स आपण भरायचा आणि फायदा दुसऱ्यांनी घ्यायचा का? आपल्याला सरकार देतं काय?"

मुलगी मोबाइलवर फॉर्म खाली सरकवत होती. शेवटी आली तशी थांबली. "आजी, इथे लिहिलंय की वरची सगळी माहिती खरी आहे. खोटी निघाली तर प्रवेश रद्द. ही सही मीच करायची ना?"

आम्ही दोघी गप्प झालो.

मग मी सांगितले की हा फॉर्म माझ्या घरात भरला जाणार नाही. खरा भरायचा असेल तर रात्रीपर्यंत बसू. बाई उठली. चहाला तोंडही लावले नाही. रात्री आमच्या ह्यांनी मलाच झापले, "तुला काय पडलंय? आपलं गावात दुकान आहे, चार माणसं तोडून कसं चालेल?" त्यांचेही चूक नव्हते. लहान गाव, लहान समाज, उद्या मंदिरात त्याच बाईच्या शेजारी बसायचे. मला झोप लागली नाही.

पण मी विचार केला, आपण वर्षानुवर्षे स्वाध्यायात बसतो ते कशासाठी? सत्याणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ केलेत. त्यांत एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख, खोटी कागदपत्रे तयार करणे. किती शतकांपूर्वी हे सांगून ठेवले आहे! तेव्हा तहसील कार्यालय नव्हते, महाडीबीटी नव्हते, पण माणूस कुठे घसरतो हे आचार्यांना माहीत होते. आणि आपल्याकडे दोष फक्त करणाऱ्याला लागत नाही. कृत, कारित, अनुमोदना: करणारा, करवून घेणारा आणि होकार देणारा, तिघेही त्यात आले. दाखला मध्यस्थ करणार, वडील करवून घेणार, आई मान डोलावणार. या तिघांच्या खाली अठरा वर्षांची मुलगी सही करणार. बहुतेक मुलांची सज्ञान झाल्यावरची ही पहिली महत्त्वाची सही असते. तिच्या वर आपण काय लिहून ठेवतोय?

"यात कोणाचं नुकसान?" असेही मला विचारले गेले. ईडब्ल्यूएसच्या जागा मोजक्या असतात. आपली मुलगी खोट्या दाखल्यावर बसली, तर एक खरी गरजू मुलगी बाहेर राहते. ती आपल्याला दिसत नाही, तिचे नाव कळत नाही, म्हणून ती चोरी वाटत नाही. समोर बसली असती तर आपल्याच्याने झाले असते का? आपण पाणी गाळून पितो ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठीच ना?

आणखी एक कडू गोष्ट लिहिते, राग मानू नका. काही घरांत दाखला नियमाप्रमाणे निघतो, कारण विवरणपत्रातच उत्पन्न कमी दाखवलेले असते. मी चाळीस वर्षे वह्या लिहिल्या आहेत. कुठली विक्री वहीत येते आणि कुठली येत नाही, हे आपल्या बायकांना अगदीच कळत नाही असे नाही. अशा घरात फॉर्म भरताना मी काही बोलू शकत नाही, कागद बरोबर असतो. पण त्या घरच्या आईने एकदा सामायिकाला बसताना स्वतःशी हिशेब करावा, एवढेच म्हणते. खरोखर कमी उत्पन्न असलेली, धंदा बसलेली घरेही आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या दाखल्याकडे लोक संशयाने बघतात, ते अशांमुळे.

नुसते नको म्हणून भागत नाही, मग पैसे आणायचे कुठून तेही सांगायला हवे. मी एक कोरा कागद घेते आणि डाव्या बाजूला खर्च लिहायला लावते, मुलीच्या हाताने. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, वसतिगृह, जेवण, पुस्तके, लॅपटॉप, घरी येण्याजाण्याचे भाडे. पहिल्या वर्षाचा नको, चारही वर्षांचा. उजव्या बाजूला घरातून किती, ठेवी मोडून किती, कर्ज किती. व्यावसायिक अभ्यासक्रमांची मान्य फी सरकारचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, ती आधी बघून घ्यावी, म्हणजे तोंडी आकड्यांनी छाती दडपत नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात, जुनी करप्रणाली निवडली तर, आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. म्हणजे खरे उत्पन्न दाखवणाऱ्यालाही कायद्याने काही दिले आहे. समाजाच्या शिष्यवृत्त्या आहेत, दक्षिण भारत जैन सभेचा शिष्यवृत्ती फंड आहे. तिथे अर्ज करायला आपल्याला लाज वाटते, चार लोकांना कळेल म्हणून. खोटा दाखला गुपचूप करता येतो, म्हणून त्याची वाटत नाही. हे उलटे झाले नाही का?

आणि माझे एक जुने म्हणणे आहे. लग्नासाठी सोने साठवायला आपण मुलगी पाचवीत असल्यापासून सुरुवात करतो. त्यातलेच थोडे फीसाठी मोडायची वेळ आली की हात का थांबतो? परिग्रहपरिमाण शिकायला यापेक्षा चांगली संधी कुठली?

त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. दहा-बारा दिवसांनी ती एकटीच आली. म्हणाली, "आजी, बाबांशी बोलले. खुल्या गटातून भरलाय, सगळा मीच. फक्त पसंतीक्रम एकदा बघता का?" मी बघितला. एके ठिकाणी मी वेगळे लिहिले असते. पण बोलले नाही. दुसऱ्या फेरीत तिला तिच्या तिसऱ्या पसंतीचे कॉलेज मिळाले. फी पूर्ण भरावी लागते आहे, कर्ज काढले आहे.

तिच्या आईचा माझ्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. मंदिरात दिसली की जय जिनेंद्र म्हणते आणि पुढे जाते. मलाही वाटते, त्या दिवशी मी जरा हळू बोलायला हवे होते, लेकीसमोर तरी. येत्या क्षमावाणीला मी त्या सुराबद्दल क्षमा मागेन. पण फॉर्मबद्दल नाही.

पुढच्या मे महिन्यात ज्यांच्या घरी बारावी आहे त्यांनी आत्ताच एक करा. मुलीला समोर बसवा, दहावीचे गुणपत्रक, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड तिघांवरचे नाव एकसारखे आहे का ते तिलाच तपासू द्या. उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर घरचा खरा आकडा तिला सांगा. आपल्या घरात किती येते आणि किती जाते हे आपल्यापैकी कित्येकींनी मुलींना कधी सांगितलेलेच नसते. मग माझ्याकडे यायचे असेल तर जरूर या. चहा ठेवते, चष्मा पुसून शेजारी बसते. पेन मात्र तिच्या हातात असेल.

जय जिनेंद्र.